जरा पुढे, जरा वर

पाच फूट ही माझी जाहीर उंची. लग्नाच्या वेळी पत्रिकेसोबत तीच पाठवली होती, आधार कार्डाने कधी विचारली नाही, आणि ग्रुप फोटोत उंच माणसांशेजारी उभं राहायचं नाही एवढं पथ्य पाळलं की पुढे कुणी टेप घेऊन येत नाही. नवी गाडी आली आणि तिच्या ड्रायव्हिंग सीटने मात्र पहिल्या दिवशीच माझं खरं माप काढलं.

मनातलं चित्र वेगळं होतं. सीट जरा मागे रेललेली, डावा हात गिअरवर सहज पडलेला, उजवं कोपर खिडकीत, गॉगल. नळस्टॉपच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने एकदा बघावं, परत बघावं, आणि आपण मात्र समोरच बघावं. घरात यातलं काही कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी घ्यायची कारणं म्हणून सेफ्टी रेटिंग, बूट स्पेस असलं गंभीर बोलले होते. पण खरं कारण ते कोपर होतं.

रेललेल्या सीटवरून मला डॅशबोर्ड फार सुंदर दिसला. रस्ता दिसला नाही. सोसायटीच्या गेटातून पहिल्यांदा आत शिरले तेव्हा वॉचमनकाका खुर्ची टाकून धावत आले. काचेजवळ येऊन वाकून बघितल्यावर म्हणाले, "ताई, तुम्ही होय! मला वाटलं गाडी उतारावरनं सुटली."

शोरूममध्येच कुणकुण लागायला हवी होती. हप्ते माझ्या पगारातून जाणार, सही माझी, गाडी चालवणारी मी; पण तिथला मुलगा सगळी माहिती माझ्या नवऱ्याला देत होता. नवऱ्याला गाडीतलं एवढंच कळतं की ती रिकामी असली की त्यात सामान मावतं. तो बिचारा "हो का, हो का" करत माझ्याकडे बघत होता. मी टेस्ट ड्राइव्हला बसल्यावर त्या मुलाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "सर, मॅडमना उशी लागेल ना? ॲक्सेसरीजमध्ये आहे आपल्याकडे. बेज आणि ब्लॅक."

मॅडमना उशी लागणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. त्या क्षणी मॅडमनी एक युद्ध ओढवून घेतलं.

मी गाडीचं मॅन्युअल वाचणाऱ्यांपैकी आहे. अशी माणसं फार नसतात आणि लोकप्रिय तर अजिबात नसतात. त्यात बसावं कसं, याचा स्वतंत्र भाग असतो. क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघ्यात किंचित बाक उरला पाहिजे. पाठ न हलवता हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, गळ्यावरून नाही. खालचा कमरेच्या हाडांवर, पोटावर नाही. हेडरेस्टचा माथा आपल्या माथ्याच्या रेषेत. आणि स्टिअरिंगच्या मध्यापासून छाती निदान २५ सेंटिमीटर लांब, कारण पापणी लवायच्या आत एअरबॅग फुगते आणि फुगताना ती समोर कोण बसलंय हे बघत नाही.

प्रत्येक वाक्य पटण्यासारखं. अडचण एवढीच की ती सगळी वाक्यं एकाच वेळी खरी असावी लागतात. क्लच तळापर्यंत दाबायचा म्हणून सीट पुढे घेतली, तर छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभर अंतर उरलं. छाती मागे नेण्यासाठी पाठ रेलवली, तर मनगट हवेत. मनगटासाठी स्टिअरिंग खाली घेतलं, तर ते मांडीला टेकलं आणि त्याच्या कड्यामागे स्पीडोमीटर गेला. मग ताशी किती वेगाने जातोय हे मागच्यांच्या हॉर्नवरून ओळखायचं. स्टिअरिंग पुढे-मागे ओढायची सोय असते, पण ती वरच्या व्हेरिएंटमध्ये. कमी उंचीच्या माणसाने जास्त पैसे मोजावेत, असा कंपन्यांचा कयास दिसतो.

राहिली उंची. सीटच्या उजव्या अंगाला, दाराच्या फटीत, एक दांडा असतो. तो वर ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा. गावच्या हापशासारखा. पाणी येत नाही, आपण येतो. नवऱ्यासमोर हापसायची लाज वाटते म्हणून मी ते पार्किंगमध्ये, तो लिफ्टमध्ये शिरल्यावर करते. अगदी वर आले की बॉनेट दिसतं आणि जगाबद्दल एकदम आदर वाटू लागतो. पण पाय वर जातात, टाच जमिनीवरून सुटते आणि क्लच नाचत्या पायाने दाबावा लागतो. त्यावर मी उंच टाचेच्या सँडल वापरून पाहिल्या. आता गाडी चालवायला वेगळ्या आणि गाडीतून उतरायला वेगळ्या, अशा दोन जोड्या असतात, आणि बँकेत शिरल्यावर लक्षात येतं की पायात गाडीतल्या आहेत.

उशी नाहीच. उशीविरुद्ध मला पुढे एक शास्त्रीय कारणही मिळालं आणि अतोनात आनंद झाला. मऊ उशीवर बसलं तर धडकेच्या वेळी ती दबते आणि माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरू शकतो. आता कुणी उशीचं नाव काढलं की मी हे इतक्या गांभीर्याने सांगते की लोक माझ्या उंचीकडे बघायचं विसरतात.

उशी आमच्या घराण्यात होती. बाबांची. लाल मखमलीची, कडेला आईने घातलेली जाळीची झालर, आणि ती फियाटच्या ड्रायव्हरच्या जागेवर कायम.

फियाटबद्दल एकदा बोलायला लागले की मी थांबत नाही, तेव्हा घाई असेल त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडावेत. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या आणि सत्तरच्या दशकात त्यातल्या एकीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. पण आमच्याकडे राणीला कुणी पद्मिनी म्हटलं नाही. ती फियाटच. २९ ऑक्टोबर २०२३ हा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस होता. मी तेव्हा पुण्यात माझ्या डायनिंग टेबलशी बसून टीव्हीवर ते बघितलं आणि नाक शिंकरलं. नवरा म्हणाला, तू टॅक्सीत कधी बसायचीस? प्रश्न टॅक्सीचा नव्हता.

प्रश्न पुढच्या बाकाचा होता. फियाटला पुढे एकच सलग बाक. गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे मधे कुणीही बसावं आणि मी बसायची. बाबा, मी, आई. मागे धाकटा भाऊ, आत्या, मोदकांचा डबा आणि गाडी गरम झाली की ओतायचा पाण्याचा कॅन. मधल्या जागेवरून खंबाटकी घाट जसा दिसतो तसा तो दुसऱ्या कुठल्याही जागेवरून दिसत नाही. बाबा दुसरा गिअर टाकताना त्यांचं मनगट माझ्या नाकासमोरून जायचं, घड्याळाच्या पट्ट्याला घामाचा आणि ओल्ड स्पाइसचा वास असायचा. घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करून ते बॉनेट उघडायचे आणि कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघत राहायचे. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते कळायचं कारण नव्हतं. माझं ते खिडकीतलं कोपर कुठून आलं, हे वेगळं सांगायला नको.

तर बाक सलग. म्हणजे पुढे सरकवला तर अख्खा सरकायचा. आणि बाबा माझ्यासारखे; खरं तर मी बाबांसारखी. ते उशीवर बसून, बाक शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढून, स्टिअरिंगला जवळजवळ मिठी मारून गाडी चालवायचे. आई त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. तिचा बाकही अर्थात तिथेच. सातारा, वाई, कोल्हापूर, एकदा थेट गणपतीपुळे, ती गुडघे डॅशबोर्डला लावून, पाय तिरके करून बसली. मांडीवर थर्मास. आम्हाला वाटायचं, आईची बसायची पद्धत तशीच आहे.

हे मला इतक्या वर्षांनी सुचलं ते माझ्या स्वतःच्या सीटशी झटापट चालू असताना. त्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेचं माप ज्याला चपखल बसलं असतं असं माणूस एकच होतं, उशीशिवाय, बाक मागे ठेवून. तिच्या हातात कुणी कधी किल्ली दिली नाही. तिने मागितली नाही, असं आम्ही म्हणतो. तिला विचारलं होतं का, हे आम्ही म्हणत नाही.

मग मी जरा चिडून, ही सीट मुळात कुणासाठी बनवतात ते शोधलं. गाडी भिंतीवर आदळून बघताना आत बाहुला बसवतात. जगभर सगळ्यात जास्त आपटला गेलेला बाहुला जनरल मोटर्सने १९७६ मध्ये तयार केला. तो पुरुष आहे. उंची पाच फूट नऊ इंच, वजन ७८ किलो. त्याचे गुडघे, त्याची छाती, त्याची मान सुखरूप राहावी म्हणून पट्टे बदलले, उशा बदलल्या, स्टिअरिंग बदललं. बाईचा बाहुलाही पुढे आला. पण तो बराचसा त्याच पुरुषाला लहान करून बनवलेला. उंची चार फूट अकरा. हे वाचून मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. वजन ४९ किलो. इथे नातं संपलं. आणि बऱ्याच चाचण्यांमध्ये तिला बसवतात कुठे? ड्रायव्हरच्या शेजारी. हातात थर्मास तेवढा द्यायचा राहिला आहे.

मधल्या मापाच्या बाईचा, बाईच्याच हाडापेराचा बाहुला स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने जगासमोर आणला तो २०२२ मध्ये. मोटारगाडीचा जन्म १८८६चा. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याचीच गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. पहिला लांबचा प्रवास बाईने केला, वाटेत तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि बाईचं माप घ्यायला एकशे चौतीस वर्षं. ब्लाउजच्या मापाला आमचे शिंपीकाका दिवाळीच्या गर्दीतही एवढे थांबवत नाहीत.

रागाचा एक तोटा असा की तो घेऊन पार्किंगमध्ये गेलं तरी सीट तिथेच असते. किंवा नसते. कारण रविवारी भाजी आणायला नवरा गाडी नेतो. तो पाच फूट अकरा. तो उतरतो आणि सीट त्याच्याच मापावर सोडून देतो. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना मी आत बसते तेव्हा क्लच कात्रजला असतो. त्याला म्हटलं, उतरताना परत पुढे घेत जा. म्हणाला, मग मी उतरणार कसा? याला उत्तर नाही. सीट लक्षात ठेवणाऱ्या गाड्या असतात, बटण दाबलं की ज्याची त्याची जागा. त्याही वरच्या व्हेरिएंटमध्ये. मी रुळाच्या कडेला नेलपॉलिशने खूण करून ठेवली आहे. मरून.

परवा आईला डोळे तपासायला नेत होते. ती शेजारी बसली आणि सवयीने गुडघे तिरके करून घेतले. म्हटलं, "आई, खाली हात घाल, दांडी आहे, ती वर ओढ आणि मागे सरक." तिने ओढली. सीट मागे गेली. अजून मागे गेली. ती शेवटच्या खाचेवर खाट्‌कन थांबेपर्यंत आईने दांडी सोडली नाही. मग तिने पाय लांब केले, पूर्ण, चपला काढून.

"फियाटमध्ये गुडघे दुखायचे नाहीत तुझे?"

"दुखायचे की."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? ह्यांचा पाय ब्रेकपर्यंत पोचायला नको? घाटात मला गुडघे वाचवायचेत की माणसं?"

यावर काय म्हणावं मला सुचेना. म्हणून म्हटलं, "इतकी मागे गेलीस, आता आरशातच बघावं लागतंय तुला."

"मला कशाला बघतेस आरशात? समोर बघ. तुला दिसतंय का नीट, ते सांग. ह्यांच्यासारखी उशी का घेत नाहीस गं तू?"

मी तिला मऊ उशी, कमरेचा पट्टा, धडकेच्या वेळी माणूस कसा खालून घसरतो, सगळं सविस्तर सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाली, "म्हणजे दिसत नाहीये."

"दिसतंय," म्हटलं. सिग्नल लाल होता. ती डोळे मिटून रेलली, आणि मी दाराच्या फटीत हळूच हात घालून अजून एक हापसा मारला.