जाकीट आधी, धपाटे नंतर

फ्रान्समध्ये मोटार चालवायची तर गाडीत चकाकत्या पट्ट्यांचं एक पिवळंजर्द जाकीट लागतं आणि एक लाल त्रिकोण. २००८ सालापासूनचा हा नियम. त्यातली खरी मेख अशी, की जाकीट डिकीत ठेवून चालत नाही. ते आत, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं हवं. गाडी बंद पडल्यावर तुम्ही खाली उतरणार, मागे जाऊन डिकी उपसणार, आणि तोवर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसणार कसे? आधी जाकीट अंगात, मग पाय रस्त्यावर.

हा क्रम आपल्या अंगवळणी पडणं अवघड आहे. अडीअडचणीला लागणारी वस्तू आपण अशा बंदोबस्तात ठेवतो, की अडचण आली की वस्तू सापडत नाही ही दुसरी अडचण उभी राहते. मेणबत्ती देवघराच्या खालच्या खणात, काडेपेटी स्वयंपाकघरात, आणि दिवे गेल्यावर दोहोंच्या मध्ये घरातली माणसं एकमेकांवर आपटत असतात.

लंडनला पुतण्याकडे गेलो असताना त्याच्या गाडीनं फ्रान्स-जर्मनी करायचं ठरलं. ब्रिटनमध्ये खासगी गाडीला ना त्रिकोणाची सक्ती, ना जाकिटाची. त्यामुळे त्यानं सगळा संच नवा मागवला. माझ्या बायकोनं तो खोका कौतुकानं डिकीच्या तळाशी, बॅगांखाली रचला.

‘‘काकू, धपाटे डिकीत टाका, जाकिटं पुढे द्या.’’

‘‘भूक काय सांगून लागते?’’ ती म्हणाली. धपाटे पुढेच राहिले. जाकिटं मात्र प्रत्येकाच्या सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट गेली. पिशवी फाडायला कुणाचाच हात होईना. नवी वस्तू!

त्या खोक्यात हेडलाइटवर लावायच्या चिकटपट्ट्याही होत्या. आपल्यासारखंच ब्रिटनमध्ये डावीकडून चालवतात, म्हणून तिथल्या दिव्यांचा झोत डावीकडे जरा लांब पडतो. समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे फ्रान्समध्ये कॅलेला उतरलात, की तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत. पट्टी नेमकी कुठे चिकटवायची याची आकृती सोबत होती. ती पाहताना पुतण्या आणि सूनबाई जे बोलले, ते लग्नपत्रिकेच्या मसुद्यावरून बोलल्यासारखं होतं.

फ्रेंच सरकारची एक गंमत सांगायलाच हवी. २०१२च्या जुलैपासून त्यांनी प्रत्येक गाडीत दारू तपासायची फुंकनळी सक्तीची केली. ती एकदाच वापरता येणारी. म्हणजे सज्जनपणे फुंकून पाहिलंत, की तुमच्याकडे नळी नाही आणि तुम्ही नियम मोडलेला! म्हणून जाणकार सांगायचे, दोन ठेवा. न बाळगल्यास अकरा युरो दंड ठरला होता, पण तो लागू करणं पुढे पुढे ढकललं गेलं आणि २०२०मध्ये सक्तीच गेली.

जाकिटाचं नशीब मोठं. त्याच्या जाहिरातीसाठी सरकारनं २००८मध्ये थेट कार्ल लागरफेल्डला उभं केलं. काळा सूट, बो टाय आणि त्यावर ते जाकीट. रंग पिवळा, दिसायला कुरूप, कशावर शोभत नाही, पण जीव वाचवू शकतं, असा एकूण आशय. फॅशनच्या बादशहानं विद्रूपतेची इतकी प्रामाणिक शिफारस क्वचितच केली असेल. पुढे नोव्हेंबर २०१८मध्ये इंधनावरच्या करावरून लोक चिडले, तेव्हा आंदोलनाचा गणवेश प्रत्येक गाडीत तयारच होता. सरकारनंच तो घ्यायला लावला होता आणि हाताशी ठेवायलाही!

जर्मनीत जाकीट गाडीमागे एकच पुरतं. बाकीचे प्रवासी बहुधा अंधारात उठून दिसतात. पण प्रथमोपचार पेटीच्या बाबतीत ते कडक. तिच्यात काय काय असावं याचं प्रमाण ठरलेलं आहे, २०२२पासून त्यात दोन मास्कही आले, आणि निर्जंतुक सामानावर मुदतीची तारीख असते. जखम झाली तरी ती मुदतीत व्हायला हवी.

या सगळ्यात मला शहाणा वाटला तो स्पेन. त्रिकोण मांडायला माणूस गाडीपासून दूर चालत जातो आणि त्या चालण्यातच गाडीखाली येतो, हे त्यांनी मान्य केलं. नियम करणाऱ्यांना हे सहसा जमत नाही. २०२३मध्ये महामार्गावर त्रिकोण मांडायची सक्ती गेली, आणि २०२६च्या १ जानेवारीपासून स्पेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांना त्याऐवजी एक लुकलुकणारा दिवा लागतो. खिडकीतून हात बाहेर काढायचा, दिवा टपावर ठेवायचा. तळाच्या लोहचुंबकानं तो चिकटतो. गाडी कुठे बंद पडलीय, हे तो वाहतूक खात्याला कळवतोही.

आपल्याकडे नव्या गाडीसोबत त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी येतेच. त्रिकोण डिकीत, कव्हरात, सुखरूप असतो. घाटात बंद पडलेला ट्रक मात्र मागे चार दगड आणि झाडाची एक फांदी मांडतो. खर्च नाही, मुदत नाही, खरेदी नाही. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड राहतात. त्यांवर आपटून जी पुढची गाडी बंद पडते, तिला दगड शोधत फिरावं लागत नाही.