उणे ११३

डझनावारी तारांवरचे शून्य आणि एक एकदम टिपणारं यंत्र म्हणजे लॉजिक ॲनालायझर. सर्किटमधला एखादा दोष दिवसभर लपून बसतो आणि रात्री तीनला तोंड दाखवतो. त्याची वाट बघत जागणार कोण? म्हणून आमच्या प्रयोगशाळेत यंत्राला नेटवर्कची वायर जोडली आणि जागरण पायथनच्या स्क्रिप्टवर सोपवलं. यंत्राला हुकूम सोडायचा, असा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात त्याची मर्जी सांभाळावी लागते.

उपकरणांशी बोलायची ‘स्किपी’ नावाची प्रमाणभाषा १९९० साली ठरली. तिच्यातले शिष्टाचार आपल्या लग्नाच्या बैठकीतही आढळणार नाहीत. ‘ट्रिगर’ लिहायचं तर इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरं लिहा किंवा सातही लिहा. पाचव्यावर थांबलात तर यंत्र ओळख दाखवणार नाही. ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची खूण हवी. ती नसली की यंत्र पुढच्या अक्षराची वाट बघतं, स्क्रिप्ट उत्तराची. दोघंही सभ्य, त्यामुळे टाइमआउट होईपर्यंत शांतता. एक प्रश्न विचारून उत्तर न ऐकताच दुसरा विचारलात, तर त्रुटी क्रमांक उणे ४१०: ‘क्वेरी इंटरप्टेड’. वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चेला हा नियम लावायला माझी हरकत नाही.

पण खरी गंमत तक्रारींची. न समजलेल्या आज्ञेसाठी उणे ११३, ‘अनडिफाइन्ड हेडर’. पण यंत्र हे तोंडावर बोलत नाही. मानपानावरून रुसलेल्या काकांसारखा चेहरा कोरा ठेवतं आणि सगळं रांगेने साठवतं. काय झालं म्हणून विचारा, सर्वांत जुनी तक्रार आधी निघते. एका वेळी एकच. पुन्हा विचारा, मग पुढची. रांग भरली, की शेवटच्या जागी उणे ३५०, ‘क्यू ओव्हरफ्लो’. तक्रारींना जागा उरली नाही, हीसुद्धा तक्रारच! विचारत राहा, कारण ‘शून्य, नो एरर’ ऐकू येईपर्यंत समजूत पटलेली नसते. पुष्कळ स्क्रिप्टा विचारतच नाहीत आणि रात्रभर रिकाम्या फायली भरत बसतात.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना एक विनंती. काम झालं की सॉकेट, म्हणजे यंत्राशी जोडलेलं नेटवर्क कनेक्शन, बंद करून जा. अशी यंत्रं बहुधा मोजकीच कनेक्शनं घेतात; तुमचं अडकून राहिलं, तर पुढच्याला यंत्राची वीज बंद करून पुन्हा चालू करावी लागते.