समुद्र कसा वापरावा : सिन्नर तालुक्यातल्या नवशिक्यांसाठी

समुद्र हा पाण्याचा मोठा साठा असून तो आपल्या तालुक्यात नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण निवडणुकीच्या सभांना नेमाने जाणाऱ्याची याबाबत गल्लत होऊ शकते. पश्चिमेकडे वाहून समुद्राला मिळणारं पाणी उचलून सिन्नरला आणायचं, हे आपण इतकी वर्षं ऐकत आलोय की एखाद्या सकाळी वावीच्या वेशीला लाटा लागल्या तरी कुणी फारसं दचकणार नाही. दमणगंगा-वैतरणा-गोदावरी-कडवा-देव असं त्या नदीजोडाचं नाव. ते पुरतं म्हणेपर्यंतच तहान लागते. ते पाणी यायचं तेव्हा येईल. तोवर आपणच जाऊन त्याला भेटावं, म्हणून ही मार्गदर्शिका.

ठिकाण आणि मुहूर्त

जवळचा समुद्र हवा असेल तर त्र्यंबक, जव्हार करत डहाणू-बोर्डी गाठता येते. चिकू खाऊन रात्री घरी. पण दशक्रियेला जाऊन यावं तसं समुद्रावर जाऊन आल्याला सुट्टी म्हणत नाहीत. नवशिक्यांनी सरळ मालवणजवळची तारकर्ली निवडावी. संगमनेर, पुणे, कोल्हापूर करत घाट उतरला की आलंच. मुंबई-गोवा महामार्गाचाही पर्याय आहे. त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. साहसी पर्यटनाची हौस घरापासूनच भागवायची असेल त्यांनी तिकडून जावं.

कधी जावं? मेच्या अखेरीस जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. जून-जुलै मासेमारीलाही बंदी. त्यात आपली पेरणी. ऑक्टोबरात सोयाबीन आणि मका, पुढे कांद्याची लागवड, मग खुरपणी, मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा, एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी आणि उरलेल्या दिवसांत भाचीचं लग्न. माळेगाव किंवा मुसळगावच्या कारखान्यात असाल तर सुट्टी दिवाळीची, आणि दिवाळीत तारकर्लीला खोली मिळत नाही. थोडक्यात, योग्य वेळ अशी नाहीच. म्हणून अयोग्य वेळ आधी ठरवावी आणि मग घरी सांगावं.

सामान कमी घ्या. चिवडा, लाडू आणि शेंगदाण्याची चटणी येणारच, त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पण वीस लिटरचा पाण्याचा जार खाली ठेवा. कपडे मात्र जास्तीचे घ्या. सिन्नरच्या हवेत दोरीवर टाकलेला टॉवेल चहा होईपर्यंत वाळतो. कोकणातला टॉवेल तुमच्याबरोबर ओलाच सिन्नरला येतो आणि इथे येऊन वाळतो.

पाण्याशी पहिली भेट

किनाऱ्यावर पोचलेला सिन्नरकर प्रथम गप्प होतो. मग त्याचे प्रश्न सुरू होतात. किती टीएमसी असेल? उपसा कोणी करत नाही का? आणि यातलं जायकवाडीला किती सोडावं लागतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आनंदाचं आहे: काहीच नाही. 2005 च्या कायद्यातलं समन्यायी वाटप इथे लागू नाही. नमुना नंबर सातवर अर्ज करायचा नाही, पाटकऱ्याला चहा पाजायचा नाही, शेजाऱ्याने रात्री दारं फोडलं म्हणून भांडायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं पाणी तुमच्यासमोर आहे जे साठवायचं नाही, मोजायचं नाही आणि कुणापासून राखायचं नाही. इथेच बहुतेकांची अडचण होते. हिशेब नसलेल्या पाण्याकडे बघायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

तरीही आवर्तनाशिवाय चैन पडत नसेल तर समुद्रालाही आवर्तन आहे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात. त्यासाठी मोबाइल लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. संकष्टीचा उपास मोडायला चंद्र लागतो आणि भरती यायलाही चंद्रच लागतो, हे आत्याला सांगून बघा. ती समुद्राला एकदम घरातला मानेल आणि नऊवारी खोचून गुडघाभर पाण्यात जाईल. नंतर तिला बाहेर काढणं हा आमच्या विषयाबाहेरचा भाग आहे.

आता जरा गंभीर. आपण पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि चार हातांवर कडा असतो. या शिक्षणाचा समुद्राला काडीचा आदर नाही. खाऱ्या पाण्यात अंग सहज तरंगतं, त्याने भलती हिंमत येते. लाटा फुटून आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत आत ओढलं जातं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढ सुटली की मग वळा. आणि बोटीत बसताना लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर घेऊन बसू नका, त्याचे पट्टे आवळा. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. फोटोत पोट मोठं दिसतं म्हणून जॅकेट काढणारे काका प्रत्येक बोटीत एक असतात. त्यांना शेजारच्याने दटावावं.

पाण्याखाली

तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाच आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर हौशी डुबकीची सोय जागोजाग. या डुबकीला पोहता यावं लागत नाही, कारण गाइड तुम्हाला धरूनच असतो. दमा, रक्तदाब, हृदयाचं दुखणं मात्र फॉर्मवर लपवू नका; तो फॉर्म कर्जमाफीचा नाही. श्वास तोंडाने घ्यायचा. कानात दडे बसले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, त्याची ती वसुली.

सगळ्यात महत्त्वाचा अंगठा. आपल्याकडे ग्रुपवर अंगठा टाकला की ‘बरं आहे’ असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. पिवळ्या-निळ्या माशांचा थवा नाकासमोरून गेला, तुम्ही खूश होऊन अंगठा दाखवलात, की पुढच्या क्षणी तुम्ही बोटीत असता. पैसे परत मिळत नाहीत. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा.

पॅरासेलिंग, बनाना राइड वगैरे प्रकारांना मार्गदर्शनाची गरज नाही. त्यात तुम्ही फक्त ओरडायचं असतं.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला मात्र जाच, आणि घाईत जाऊ नका. 1664 च्या नोव्हेंबरात शिवरायांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. लोक तटबंदी बघतात, फोटो काढतात, परततात. सिन्नरकराने तीन विहिरी बघाव्यात: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये या विहिरींना गोडं. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगून राहू शकतं, असं भूजलाचं शास्त्र सांगतं. आपण सहाशे फूट बोअर मारून धुरळा काढणारी माणसं; आपल्याला हे शास्त्र पटतं, पण रुचत नाही. त्या विहिरींवर वाकून पाण्याची पातळी बघत, बोटांवर काहीतरी मोजत उभा असलेला पर्यटक दिसला तर तो सिन्नर, येवला किंवा चांदवडचा समजावा आणि रामराम घालावा.

जेवण

काट्यांची सवय नसेल तर सुरमईपासून सुरुवात करा, बांगडा दुसऱ्या दिवशी. सोलकढी ताक समजून सुरुवातीलाच पिऊन टाकू नका. ती शेवटी भातावर. माळकऱ्यांनी उपाशी राहण्याचं कारण नाही: घावन, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ. तीन दिवस हेच खाल्लं तरी तक्रार करावीशी वाटणार नाही.

पडून राहणे

ही शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी. रिसॉर्टवाल्याने दोन माडांमध्ये झोळी बांधलेली असते, खुर्च्या टाकलेल्या असतात, आणि उन्हात पडून राहण्याचेच आपण पैसे भरलेले असतात. आपल्याकडे उन्हात पसरतात त्या कुरडया. माणसाने स्वतःला पसरावं ही कल्पना पचायला वेळ लागतो. आधी वर बघा. माडावर नारळ लटकत असतील तर खुर्ची सरकवा. मग पडा.

चौथ्या मिनिटाला ‘आता काय?’ असा प्रश्न पडेल. उत्तर देऊ नका. सातव्या मिनिटाला गावी फोन करून लाइट आली का, मोटर टाकली का, हे विचारावंसं वाटेल. फोन बायकोकडे द्या. तिला आधीच मळ्यातल्या मजुरांचा फोन आलेला असेल, तर दोन्ही फोन पोराकडे द्या. तो ते परत देणार नाही. कारखान्यातल्या सुपरवायझरांनी शिफ्टच्या ग्रुपचा आवाज बंद करावा. तुमच्यावाचून लाइन चालू राहते हे कळल्यावर थोडं वाईट वाटतं, ते तेवढ्यापुरतंच.

काही जणांना हे कधीच जमत नाही. ते दुसऱ्या दिवशी माळ्याला आळी कशी करावी ते शिकवताना सापडतात. त्यांना हसू नये. पिढ्यान् पिढ्या पाण्यामागे धावलेल्या माणसाला पाण्याशेजारी बसवलं तर तो चुळबुळणारच. त्यांना संध्याकाळी रापण ओढणाऱ्यांच्या दोरीला हात लावू द्यावा. त्यांची सुट्टी तिथे सुरू होते, आणि माझ्या मते तीही सुट्टीच.

निघताना खोलीतले नळ घट्ट बंद करा. कोकणात आपल्या कितीतरी पट पाऊस पडतो, पण तो ओहोळांतून समुद्राला जातो आणि उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. समोर अख्खा अरबी समुद्र असलेल्या गावातही पिण्याचं पाणी विहिरीचंच असतं, आणि मे महिन्यात तिथल्या काही वाड्यांनाही टँकर लागतो.