बी साइडला काय होतं?

दिवाळी अंक, रविवारची पुरवणी आणि सेवानिवृत्तीचा सत्कार या तीन ठिकाणी माणसाला हमखास विचारतात, ‘तुमचे आवडते अल्बम कोणते?’ आणि या तिन्ही ठिकाणी माणूस बिनदिक्कत खोटं बोलतो.

यादी ठरलेली असते. पहिला मान भीमसेनजींच्या अभंगवाणीला. दुसरा ‘गीतरामायणा’ला. त्यातली गाणी चारच येत असली तरी एकूण ५६ आहेत हे पाठ असतं. तिसरी ‘शिवकल्याण राजा’, आणि ती राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, १९७४ साली निघाली हे न विचारता सांगायचं. चौथ्या जागी किशोरीताई किंवा कुमारजी, ज्याला पुण्यातल्या नातेवाइकांचा जेवढा धाक असेल त्याप्रमाणे. पाचवं एखादं इंग्रजी नाव, मुलगा परदेशात असल्याचा पुरावा म्हणून. स्थळाच्या बायोडाट्यात ‘छंद : वाचन’ लिहितात, तशी ही यादी. कुणी तपासायला येत नाही.

नांदेड-लातूरकडच्या माणसाची यादीही हीच. माझी शंका एवढीच की, सगळे जर अभंगवाणी ऐकत बसले होते, तर ‘आशिकी’च्या कॅसेटी घेतल्या कुणी? १९९० साली नांदेडच्या वजिराबादेपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत अशी पानटपरी नव्हती जिथं नदीम-श्रवण वाजत नव्हते. डोक्यावर कोट घेऊन तोंड लपवलेलं ते जोडपं प्रत्येक कॅसेटच्या दुकानात दर्शनी लावलेलं होतं. आता कळतं, तोंड लपवायची वेळ खरं तर विकत घेणाऱ्यांवर येणार होती. त्या काळी ज्यांनी कुमार सानूसारखं नाकातून गाऊन बघितलं, ते आज मुलाखतीत ‘मला लहानपणापासून ख्यालाची ओढ होती’ म्हणतात. ओढ होती, पण ती क्लासला जाणाऱ्या एका सायकलीची होती.

जरा मागं जाऊ. आपल्याकडे घराघरात संगीत पोचवलं ते कोणत्या घराण्यानं नाही, दिल्लीच्या दर्यागंजात ज्यूस विकणाऱ्या घरातल्या पोरानं. गुलशन कुमारांनी १९८३ साली सुपर कॅसेट्स काढली आणि कॅसेट एवढी स्वस्त केली की भाजी आणायला गेलेला माणूस उरलेल्या पैशात गाणी घेऊन येऊ लागला. मूळ गायकाचं गाणं परवडत नव्हतं, म्हणून कायद्यातल्या सवलतीचा आधार घेऊन तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून गाऊन घेतलं. कव्हरवर मूळ गायकाचा फोटो मोठा, खऱ्या गायकाचं नाव मुंगीएवढं. ‘रफी की यादें’ सोनू निगमच्या आवाजात घरोघरी गेली. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना रफी आवडतो याचा अर्थ त्यांना सोनू निगम आवडतो. त्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आज मीही सांगणार नव्हतो.

ज्याला तेवढीही परवडत नव्हती, तो कॅसेट भरून घ्यायचा. कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट आणि सोबत गाण्यांची चिठ्ठी दुकानात द्यायची, चार दिवसांनी न्यायला जायचं. चिठ्ठीतलं एखादं गाणं दुकानदाराकडे नसलं की तो स्वतःच्या आवडीचं भरून द्यायचा. असा दुकानदार गावातला सर्वांत मोठा संगीत समीक्षक होता. आमच्या अख्ख्या गल्लीला मुकेश आवडायचा, कारण चौकातल्या दुकानदाराला मुकेश आवडायचा. आता हेच काम मोबाइल करतो आणि त्याला आपण तंत्रज्ञानाचा चमत्कार म्हणतो.

निवडीचं स्वातंत्र्य म्हणाल तर ते नांदेड-लातूर रस्त्यावर कळायचं. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. एसटी गेली की काळी-पिवळी. मागं माणसं कोंबलेली, टपावर कोंबड्यांची पाटी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं दोन स्पीकर. चार तास धरा. एक तासाची कॅसेट चार वेळा. लोह्याला जीप बदलली तरी कॅसेट तीच, कारण दोन्ही ड्रायव्हरांनी ती माळेगावच्या जत्रेत एकाच गाड्यावरून घेतलेली. आनंद शिंद्यांचा पोपट अहमदपूरपर्यंत इतक्यांदा उडायचा की चाकूरला उतरणाऱ्या म्हाताऱ्यालाही कोरस येऊ लागायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, ‘दादा, जरा दुसरं लावा की.’ ड्रायव्हर मागं न बघता म्हणाला, ‘गाडी बी दुसरी बघा मग.’ याच पोपटावर ज्यांचं प्रवासी आयुष्य गेलं, ते यादीत पोपटाला फांदीसुद्धा देत नाहीत.

पोपट राहू द्या, पोपटाच्या वडिलांचं काय? म्हणजे आनंद शिंद्यांचे वडील, प्रल्हाद शिंदे. पहाटे आमच्याकडे आज्या ज्या विठ्ठलाच्या कॅसेटपुढे हात जोडायच्या, त्या कॅसेटमधला गळा त्यांचा. आषाढीच्या आधी पंधरा दिवस गावात दुसरा आवाज नसायचा. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रकवरून बाबासाहेबांचं गाणं गाणारा गळाही त्यांचाच. पहिल्या वेळी खिडक्या उघडायच्या, दुसऱ्या वेळी त्याच खिडक्या लागायच्या. गळ्याला फरक पडला नाही, तो कव्वालीही तेवढ्याच ताकदीनं गायला. कॅसेट स्वस्त झाली नसती तर वामनदादा कर्डकांची गाणी वस्तीच्या बाहेर ऐकूच आली नसती. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही २००४ साली गेले. मराठवाड्यातल्या लग्नात, जत्रेत, जयंतीत, वारीत या दोघांइतकं दुसरं कोण वाजलं ते दाखवा. आणि आता यादी बघा. दोघंही नाहीत. ही विसरण्याची चूक नव्हे, हे व्यवस्थित लक्षात ठेवून गाळणं आहे.

बरं, यादी शास्त्रीयच हवी म्हणता? पंडित नाथराव नेरळकर नांदेडचे. अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, औरंगाबादेत पिढ्या घडवल्या, २०२१ साली गेले. नांदेडकराच्या यादीत त्यांचं नाव मी तरी वाचलेलं नाही. दर फेब्रुवारीत ‘संगीत शंकर दरबार’ला गर्दी करणारे रसिक पहिल्या रांगेतून आलापाचं शूटिंग करतात, स्टेटस ठेवतात आणि द्रुत सुरू व्हायच्या आत पार्किंगमधून गाडी काढतात. दाद देण्याची ही पद्धत कोणत्या घराण्याची आहे, यावर कुणीतरी पीएच.डी. करावी.

आता जरा आठवणींचं. आमच्या गल्लीतला पहिला टू-इन-वन सौदीहून आला. शेजारचे चाचा तिकडं कामाला होते. त्यांच्याकडे हिंदी सिनेमाची एकच कॅसेट, १९८२च्या ‘बाजार’ची. खय्यामचं संगीत, हैदराबादची गोष्ट. उन्हाळ्यात गच्चीवर बाज टाकून चाचा ती लावायचे आणि भूपिंदरच्या एकट्याच्या त्या गाण्याला सगळी गच्ची गप्प व्हायची. माझे वडील इकडच्या गच्चीवरून ओरडायचे, ‘भाईजान, आवाज थोडा बढाव.’ दखनीत केलेली ही एकमेव सांगीतिक फर्माईश मला माहीत आहे. ते गाणं लिहिणारे बशर नवाज औरंगाबादचे. म्हणजे मराठवाड्याच्या कवीचं गाणं मुंबईला गेलं, तिथून सौदीला गेलं आणि तिकडून नांदेडला परत आलं. आपल्याकडच्या माणसाची किंमत कळायला त्याला एवढा फेरा घालावाच लागतो. ‘जैत रे जैत’ आवडतं म्हणणाऱ्या किती जणांना त्याची गाणी लिहिणारे ना. धों. महानोर आपल्याच मराठवाड्यातल्या पळसखेडचे शेतकरी होते याचा अभिमान आहे, आणि किती जणांना फक्त लताबाई-हृदयनाथांचा, तेही एकदा विचारा.

पुढचा अल्बम ‘गारवा’. सौमित्र आणि मिलिंद इंगळे. आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलात ही कॅसेट झिजून गेली. बाहेर मे महिन्यातलं नांदेडचं ऊन, नळ तीन दिवसांनी, आणि खोलीत अख्खा अल्बमभर पाऊस. कोकणातल्या माणसाला पाऊस म्हणजे छत्री आणि चिखल. आमच्या मुलांना पाऊस म्हणजे प्रेम, कारण दोन्ही गोष्टी फक्त कॅसेटमध्ये भेटत होत्या.

पाण्यावरून आठवलं. एप्रिल २०१६. लातूरचं मांजरा धरण कोरडं. टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ‘सैराट’ लागला. अजय-अतुलनी वाद्यवृंदाचा भाग थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलेला. घागरींची रांग हलत नव्हती, पण रांगेतल्या पोरांच्या मोबाइलवर झिंगाट थांबत नव्हतं. गाणं हॉलिवूडहून आलं आणि पाणी मिरजेहून. लातुरात दोन्ही एकदम पोचली. टीकाकारांनी ‘सैराट’च्या संगीतात व्हायोलिनं किती आणि सिम्फनी कुठली यावर लेख लिहिले. लातूरच्या बाईला विचारा, ती त्यातलं गाणं लागलं की अजूनही हंडा कितव्या नंबरावर होता ते सांगेल.

काही गाणी मात्र यादीत येतच नाहीत, आणि त्याला खोटेपणा म्हणायची माझी हिंमत नाही. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून, नाचून दमलेली गावं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. हजारो माणसं गेली. औसा तालुक्यातला माझा एक दोस्त त्या वर्षीच्या मिरवणुकीतलं एक उडत्या चालीचं गाणं लग्नात लागलं की ताट सोडून मांडवाबाहेर जातो. त्याला कुणी आवडते अल्बम विचारले की तोही भीमसेनजींचं नाव सांगतो. त्याला माफ आहे. बाकीच्यांना नाही.

बाकीच्यांची सोय आता मोबाइलनं केली आहे. गाण्यांचं ॲप दर डिसेंबरात हिशोब काढून दाखवतं. वर्षभरात काय ऐकलं, किती वेळा ऐकलं, सगळं उघड. ख्यालाची ओढ असलेल्या एका प्राध्यापकांचा हिशोब मी पाहिला. पहिल्या क्रमांकावर डीजे रिमिक्स, दुसऱ्या क्रमांकावर हरिपाठ, तिसऱ्या क्रमांकावर चिमणीचं बालगीत. ‘घरात एकच अकाउंट आहे हो,’ ते म्हणाले. ‘रिमिक्स नातवाचं, हरिपाठ हिचा.’ मी म्हटलं, ‘मग सर, तुमचं?’ सरांनी विषय सोयाबीनच्या भावावर नेला. चिमणीचं गाणं कुणाचं हे अजून कळलेलं नाही, कारण घरात लहान मूल नाही.

लातूरच्या ट्यूशन एरियातली पोरं निदान प्रामाणिक आहेत. नीटची तयारी करणाऱ्या एकाला मी विचारलं, ‘काय ऐकायलास रे?’ त्यानं इअरफोन माझ्या कानात घातला. नुसता पाऊस. सलग आठ तासांचा पाऊस, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. पोरगा म्हणाला, ‘काका, याला शब्द नसतेत, डोस्कं शांत राहतं.’ ‘लातूर पॅटर्न’नं गाण्यातून गाणंही काढून टाकलं, उरला तेवढा पाऊस. तोही कानातच.

तर मंडळी, एक विनंती. पुढच्या वेळी कुणी आवडते अल्बम विचारले की स्वतःला शोभेल असा अल्बम सांगू नका, तुम्हाला चिकटलेला सांगा. जीपमध्ये लादला गेला असेल, दुकानदारानं न विचारता भरून दिला असेल, शेजारच्या गच्चीवरून फुकट आला असेल, तरी चालेल. शिंद्यांना जागा द्या, वामनदादांना द्या, नाथरावांना द्या, कोट पांघरलेल्या त्या जोडप्यालाही द्या.

आणि भीमसेनजींशिवाय तुमचं अडतच असेल, तर जरूर लिहा. फक्त त्यांच्या कॅसेटची बी साइड कोणत्या अभंगानं सुरू होते, तेही सोबत लिहा. जो न बघता सांगेल, त्याची यादी आम्ही खरी मानू.