दुसरा अंतरा

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "तुमच्या आवडीची दहा गाणी द्या. प्रत्येकापुढे का आवडतं ते दोन ओळींत लिहा." चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाण्यावर लिहितो आहे. कुणाचा निषाद उतरला, कुणाची तान समेच्या आधीच दमली, हे झोपेतसुद्धा सांगेन. पण स्वतःच्या आवडीचं म्हटल्यावर दोन दिवस कागद कोराच. तिसऱ्या दिवशी एक गाणं लिहिलं आणि ध्यानात आलं, की हे गाणं मला अर्धंच आवडतं. धृपद आणि पहिला अंतरा. पुढे जे काही आहे ते सुंदर असेलही, पण ते माझ्या ओळखीचं नाही.

त्याला कारण सेल.

आमचं घर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याला. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे; माझ्या तोंडी मात्र वेल्हेच बसलंय.) १९७० च्या आसपास आण्णांनी ट्रान्झिस्टर आणला. चामडी कव्हर, त्याला टिचबटणं, आणि आम्ही पोरांनी हात लावायचा नाही. पुणे आकाशवाणी १९५३ पासून चालू होती, पण पुणं आणि आमच्यामध्ये डोंगरांच्या रांगा. शिवाय रेडिओच्या पोटात एरियलची कांडी असते, ती आडवी कशी पडते त्यावर स्टेशन लागणार की खरखरणार हे ठरतं. तेव्हा शास्त्र कुणाला ठाऊक? आण्णा रेडिओ हातात घेऊन ओट्यावर गोल फिरायचे आणि एका जागी थबकून जाहीर करायचे, "तोरण्याकडं पाठ केली की बोलतोय बघ." गडाकडे पाठ करून बसलेला तो रेडिओ आजीला काही पटला नाही. गडावरची मेंगाई देवी रागावेल, असं तिचं म्हणणं.

सेल नसरापुराहून यायचे, म्हणून ते तांदळासारखे मापून वापरायचे. सकाळी उन्हात ठेवले की त्यांच्यात थोडी धुगधुगी यायची. संध्याकाळी बातम्या, बाजारभाव, आणि उरलंच तर 'आपली आवड'मधलं एखादं गाणं. फर्माईश करणाऱ्यांची गावं निवेदक वाचत असे, तेव्हा आम्ही श्वास रोखून बसायचो. हिंदी गाण्यांच्या फर्माइशींनी झुमरी तलैया देशभर गाजलं; आमचं गाव काही गाजलं नाही, कारण पोस्टकार्डाचे पैसे मिळाले की आम्ही त्याच्या लिमलेटच्या गोळ्या घ्यायचो. गाणं लागायचं. धृपद, पहिला अंतरा, पुन्हा धृपद, आणि मधल्या तुकड्यात व्हायोलिनं वर चढू लागली की आण्णांचा अंगठा बटणावर. कट्‌. "बास. सेल संपत्याल."

पुढे भोरला शाळेला राहिलो. रामनवमीला तिथे कर्ण्यावर गीतरामायण लागायचं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू होऊन वर्षभर दर आठवड्याला एक, अशी ही छप्पन्न गाणी माडगूळकरांनी लिहिली आणि फडक्यांनी बांधली. त्यांतलं एक पहिल्यांदा अखेरपर्यंत ऐकलं तेव्हा मी चक्क दचकलो. एवढं मोठं असतं गाणं! पंगतीत ताक वाढून झाल्यावर पुन्हा पोळी यावी तसं वाटलं.

माझ्या हातून टीकाकार म्हणून जे काही झालं, त्याचं श्रेय मी मुलाखतींत केशवराव भोळ्यांना आणि वामनराव देशपांड्यांना देतो. ते खोटं नाही, पण आजीचं नाव मी लपवतो. आजी पहाटे दळायला बसायची. समोर चुलती. खुंट्यावर दोघींचे हात, आणि मोकळ्या हाताने आजी मुठीमुठीने वैरण घालायची. ओवी सुरू झाली की जात्याचा फेरा आणि ओळ एकमेकींत अशी बसत, की श्वास घ्यायचा तो फेऱ्याच्या हिशोबाने. हात भरून आला की ओळ मध्येच सोडायची. चुलती ती अलगद उचलायची. मी शेजारी घोंगडीत. जमिनीतून येणारी घरघर आधी कानाला नव्हे, बरगडीला लागायची.

एकदा रेडिओवर एक नामांकित बाई गात होत्या. सूर निर्मळ, शब्द स्वच्छ. आजीने निवडायचं सूप बाजूला ठेवून सगळं ऐकलं आणि निकाल दिला, "गाती ग्वाड. पर हिला दळाय लागत न्हाय."

मी हसलो होतो. नंतर वामनरावांची 'घरंदाज गायकी' (१९६१) वाचली. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या या माणसाने घराण्यांचासुद्धा ताळेबंद मांडला आहे: एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय, किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे. वाचता वाचता मी पुस्तक मिटलं. आमची आजी आग्र्याच्याही पलीकडे, पार भिंतीला टेकून बसलेली होती.

गावात पिठाची गिरणी आली आणि आजीचा रियाज बंद पडला. तिला मात्र त्याचं जराही दुःख झालं नाही. "खांदं सुटलं माजं," म्हणाली. हळहळ करायची ती आमच्यासारख्यांनी, ज्यांनी कधी खुंटा धरला नाही. पुढे गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांत आमच्या शेजारच्या मुळशीच्या बायकाही आहेत. ती ध्वनिमुद्रणं मी हेडफोन लावून ऐकली, आणि नकळत हेडफोन कानावरून काढून बरगडीशी धरला. बायको दारात उभी होती. काही बोलली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझं याहून वाईट पाहिलं आहे.

संपादकांना अखेर यादी पाठवली: साडेचार गाणी. त्यांना वाटलं टंकनदोष, म्हणून त्यांनी पाच केली.

परवा लेकीने त्या अर्ध्या गाण्याची मूळ तबकडी कुठूनशी मिळवून फोनवर लावली. पहिला अंतरा झाला, धृपद आलं, व्हायोलिनं वर चढू लागली आणि माझा अंगठा आपोआप पुढे सरकला. तिने फोन मागे ओढला.

"बाबा, थांबा ना! पुढे अजून आहे."

"बास," मी म्हणालो. "सेल संपत्याल."