बुधवारचे काका

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, पाण्याच्या वेळेवरून भांडणारा एक सभासद असतो आणि ‘कॉम्प्युटरमधलं कळणारे’ एक काका असतात. पहिला निवडणुकीने त्या पदावर येतो, दुसरा स्वभावाने. काकांची नेमणूक मात्र अपघाताने होते. कधीतरी कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी ओढून काढलेला असतो आणि तो काढताना कुणीतरी त्यांना पाहिलेलं असतं. एवढं पुरतं. तिथून पुढे वायफायपासून वॉशिंग मशीनपर्यंत ज्याला म्हणून बटण आहे ते सगळं त्यांच्या अखत्यारीत जमा होतं.

आमचे काका डोंबिवली पूर्वेचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना बुधवारचे काका म्हणतो, त्याला कारण आहे. विंडोजचे मासिक अपडेट २००३ सालापासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे १० वाजतात तेव्हा डोंबिवलीत रात्रीचे साडेदहा झालेले असतात, थंडीत साडेअकरा. लॅपटॉप ते रात्री मुकाट्याने उतरवून घेतो आणि बुधवारी सकाळी कुणीतरी झाकण उघडून टचपॅडवर बोट फिरवतं, तर पडद्यावरचा बाण जागचा हलायला तयार नसतो. हललाच तर बोट इथे आणि बाण अजून तिथेच. काकूंना जशी संकष्टी पाठ, तसा काकांना दुसरा मंगळवार पाठ. त्या बुधवारी ते दाढी लवकर उरकतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि फोन हाताशी घेऊन पेपर वाचत बसतात. अकरापर्यंत फोन आला नाही तर अस्वस्थ होतात. एकदा तर आपण होऊन खालच्या मजल्यावर गेले आणि दारातूनच ‘सगळं ठीक ना?’ असं विचारून आले. खालच्यांना वाटलं, कुणी गेलं की काय.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली, त्याच्या आगेमागे तर काकांना जेवायला फुरसत नव्हती. ज्यांचे लॅपटॉप नव्या ११ला पात्र ठरले त्यांनी ते चढवलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, की डावीकडच्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण चोरीला गेलंय. ज्यांचे पात्र ठरले नाहीत त्यांनी ‘आमच्यातच काय कमी आहे?’ हे विचारायला फोन केला.

बोलावणं आलं की काका पतपेढीच्या वार्षिक सभेत मिळालेली रेक्झिनची पिशवी उचलतात. तिच्यात वायरवाला माउस, टेस्टर, चष्मा पुसायचं फडकं आणि एक जुनं व्हिजिटिंग कार्ड असतं. कार्ड कशाला, ते पुढे येईल. घरात शिरल्यावर ते लॅपटॉपकडे पाहत नाहीत. आधी पाणी पितात. मग घरातल्या सगळ्यांना समोर बसवून विचारतात, “काय केलं होतं?”

सगळे एकमुखाने सांगतात, “काहीच नाही.”

काका मान डोलावतात आणि गप्प बसतात. ही त्यांची खरी विद्या. टेलिफोन खात्यात ग्राहकाची तक्रार ऐकून घेण्यात त्यांची हयात गेली आहे आणि ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्या माणसाला आपण गप्प राहिलो तर फार वेळ गप्प राहवत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. थोड्या वेळाने त्या घरच्या काकू म्हणतात, “म्हणजे, मी जरा ओल्या फडक्याने पुसला होता.” मग मुलगा म्हणतो, “काल गादीवर ठेवून पिक्चर बघितला, पण तो तर नेहमीच बघतो.” नातू काही बोलत नाही, पण तो एफ अक्षराने सुरू होणाऱ्या बटणांच्या ओळीकडे एकदा पाहतो आणि काकांच्या नजरेतून ते सुटत नाही. कित्येक लॅपटॉपांवर त्या ओळीत टचपॅड बंद करायचं बटण असतं, हे आजीआजोबांना ठाऊक नसलं तरी नातवंडांना असतं.

मग तपासणी. टेलिफोनची लाइन तुटली तर सगळी लाइन चालत बसायचं नसतं. मधोमध खांबावर चढायचं आणि बिघाड अलीकडे की पलीकडे ते पाहायचं. काका लॅपटॉपलाही तोच न्याय लावतात. पिशवीतला माउस जोडतात. माउसनेही बाण रखडला तर टचपॅड निर्दोष, यंत्रच दमलेलं आहे. माउसने बाण सुरळीत पळाला तर भानगड टचपॅडची किंवा त्याच्या ड्रायव्हरची. एका वायरीच्या जोरावर ते निम्मे संशयित निर्दोष सोडतात. याच कामासाठी दुकानदार लॅपटॉप ठेवून घेतो आणि दोन दिवसांनी ‘मदरबोर्ड गेला’ असा निरोप देतो.

यंत्र दमलेलं निघालं तर काका टास्क मॅनेजर उघडतात. मोठं अपडेट झालं की विंडोज काही तास आतल्या आत राबत असतं. फाइलींची यादी नव्याने लावतं, व्हायरस तपासतं, उरलंसुरलं उतरवून घेतं. जुन्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप असेल तर डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर जाऊन बसतो आणि बाणाला कुणी विचारत नाही. यावर काकांचं औषध एकच: चार्जर लावा, झाकण उघडं ठेवा, रात्रभर हात लावू नका. हे औषध बहुतेक वेळा लागू पडतं आणि घरच्यांना अजिबात पटत नाही. काही न करण्यासाठी इतका शिकलेला माणूस बोलावला, पोहे केले, असं त्यांना वाटतं. म्हणून काका जाता जाता सेटिंग्जमध्ये शिरून कर्सरच्या वेगाची पट्टी थोडी उजवीकडे सरकवतात. घर समाधान पावतं.

दुसरी परीक्षा चार्जरची. चार्जर काढला आणि बाण शहाण्यासारखा वागू लागला, की काका टेस्टर घेऊन भिंतीकडे वळतात. टचपॅडच्या खाली तारांची बारीक जाळी असते आणि आपलं बोट जवळ आलं की तिच्यावरचा विद्युतभार किंचित बदलतो. त्या बदलावरून बोट कुठे आहे हे यंत्राला कळतं. इतकं नाजूक प्रकरण. आणि आपल्याकडे तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या जोडात खुपसून अर्थिंगची पिन मोकळी सोडण्याची घराघरात पद्धत आहे. मग चार्जरचा गोंगाट त्या जाळीत उतरतो, बाण थरथरतो, उड्या मारतो आणि पत्र्याच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं तर मुंग्याही येतात. ‘लॅपटॉपला करंट येतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थाला काकांनी वायरमनचा नंबर दिला होता. गृहस्थ रागावले. अपडेटचा आणि वायरमनचा काय संबंध?

काही संबंध नाही, आणि काकांच्या जगात वारंवार हेच निघतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. काकांना जास्तीत जास्त वेळा काय सापडतं म्हणाल तर टचपॅडवरचा प्लास्टिकचा पापुद्रा. लॅपटॉप नवा राहावा म्हणून खरेदीच्या दिवसापासून तो काढलेला नसतो. वर्षभर निभावतो, मग कडेने सुटतो, खाली हवा आणि फरसाणाचा चुरा शिरतो. त्याच्या खालोखाल तेलाचे हात. आणि नखं. नखाने टचपॅड चालत नाही, बोटाचं पेरच टेकावं लागतं, हे काकांनी मंगळागौरीच्या दिवशी हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना प्रात्यक्षिक करून सांगितलं होतं. काकूंनी नंतर घरी काय सांगितलं ते कळलं नाही.

आता गंमत पाहा. इतकं सगळं सापडल्यावर काका दिवाणखान्यात येतात, चष्मा काढतात आणि निकाल देतात, “अपडेटमुळे झालं.”

नेहमी हेच. पापुद्रा असो, तेल असो, नातवाने दाबलेलं बटण असो, जाहीर निकाल एकच. मी पुष्कळ दिवस याला त्यांचं अज्ञान समजत होतो. मग एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभा असताना त्यांना त्या घरच्या सुनेशी हळू आवाजात बोलताना ऐकलं: “अहो, ते साबणाचं पाणी बाजूच्या फटीतून आत जातं. कोरड्या फडक्याने पुसत जा.” आणि बाहेर येऊन सासूबाईंना मोठ्यांदा: “हे अमेरिकेतले लोक ना, नीट चाललेलं चालू देत नाहीत!” सासूबाई खूश. सून वाचली. अमेरिकेतल्या लोकांचं काही बिघडलं नाही. माझ्या मते एकत्र कुटुंबपद्धती टिकवण्यात विंडोज अपडेटचा जो वाटा आहे, तो कुणी नीट मोजलेलाच नाही.

अर्थात अपडेट खरंच दोषी असतं असेही बुधवार येतात. लॅपटॉप बनवणाऱ्याने दिलेला ड्रायव्हर जातो, त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो आणि बोटांच्या खुणा तो वेगळ्या तऱ्हेने वाचू लागतो. तेव्हा काका डिव्हाइस मॅनेजरमध्ये उतरतात. तिथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ नावाचं बटण असतं, जुना ड्रायव्हर परत आणणारं. हे बटण ठळक दिसलं की काकांचा चेहरा उजळतो. पण मागचा ड्रायव्हर जपून ठेवलेला नसेल तर ते फिकट राखाडी असतं, दाबलं जात नाही. अशा वेळी ते तो ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याकडून उतरवून घेतात, नाहीतर टचपॅडची नोंदच काढून टाकून लॅपटॉप रिस्टार्ट करतात. उठताना विंडोज त्याला नव्याने ओळखतं. ओळखेपर्यंतचा तो काळ घरच्यांना जड जातो. तो भरून काढायला काका इतिहास सांगतात: डग्लस एंगेलबार्टने १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा लोकांपुढे फिरवून दाखवलेला माउस, १९९४च्या ॲपल पॉवरबुकावरचा ट्रॅकपॅड, आणि ते फेडेरिको फॅजिन. इंटेलच्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या रचनेत फॅजिन यांचा मोठा हात होता. पुढे १९८६ साली त्यांनी कार्व्हर मीड यांच्याबरोबर सिनॅप्टिक्स काढली ती मेंदूसारख्या चालणाऱ्या चिपांसाठी, आणि नाव मात्र झालं टचपॅडमुळे. “केवढा माणूस! आणि तुम्ही त्याच्या कामावर भाकरीच्या पिठाचा हात लावता,” असं म्हणेपर्यंत स्क्रीन उजळते.

काकांना एक प्रतिस्पर्धी आहे. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा. त्याच्याकडे कुठल्याही दुखण्यावर एकच उपाय असतो: “फॉरमॅट मारा.” काका त्याच्याशी बोलत नाहीत असं नाही, पण त्याचं नाव निघालं की ते टेस्टर पिशवीत ठेवतात. तसाच एक अदृश्य प्रतिस्पर्धी न्यू जर्सीत असतो. घरचा मुलगा. तो रात्री व्हिडिओ कॉलवर येतो आणि ‘बाबा, राइट क्लिक करा’ म्हणतो. बाबांचं टचपॅडच चालत नसल्यामुळे राइट क्लिक होत नाही आणि संवादाची भांडणात परिणती होते. मग सकाळी काका.

एका बुधवारी मात्र काकांनी ‘अपडेटमुळे’ म्हटलं नाही. तळमजल्यावरचे एक आजोबा, एकटे राहणारे. क्लिक दाबलं जात नाही, बाण अडखळतो, अपडेटनंतरच सुरू झालं, अशी तक्रार. काकांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला तर तो डुगडुगला. त्यांनी पिशवीतलं ते व्हिजिटिंग कार्ड काढून टचपॅडवर आडवं धरलं. मध्ये उंचवटा होता. कितीतरी लॅपटॉपांत बॅटरी टचपॅडच्याच खाली असते, आणि जुनी बॅटरी फुगली की टचपॅडला खालून वर ढकलते. काकांनी त्याच क्षणी चार्जर उपटला, लॅपटॉप बंद केला, गादीवरून आणि पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवायला लावला. दाबायचा नाही, टोचायचा नाही, ‘एकदाच शेवटचं’ म्हणून चालू करायचा नाही. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. त्या दिवशी ना इतिहास झाला, ना पोहे. रिक्षा करून ते स्वतः आजोबांबरोबर सर्व्हिस सेंटरला गेले आणि बॅटरी बदलून होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले.

घरी काकूंचा स्वतंत्र लॅपटॉप आहे. भिशीचा हिशेब आणि बहिणीशी गप्पा, एवढंच त्यावर चालतं. विंडोज ११मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थोपवून धरता येतात, हे काकूंनी कुठून तरी शोधून काढलं आहे. पाच आठवडे संपले की त्या एका निवांत रविवारी सगळे अपडेट घेतात, रिस्टार्ट करतात आणि पुन्हा पाच आठवडे थोपवतात. त्यांचं टचपॅड कधी अडलेलं कुणी पाहिलं नाही. काका याविषयी बोलायचं टाळतात. फार खोदून विचारलं तर म्हणतात, “तिचा वापर कमी आहे.”

तुमच्या सोसायटीतही असे काका असतीलच. ते पैसे घेत नाहीत, देऊ नका. बोलावण्याआधी लॅपटॉप एकदा रिस्टार्ट तेवढा करून ठेवा. शटडाउन करून चालू केला म्हणजे झालं, असं समजू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पुरतं बंद होत नाही, रिस्टार्टमध्ये होतं. आणि पोह्यांत शेंगदाणे घालू नका. दाताला लागतात, आणि काका तसं तोंडाने सांगणार नाहीत.