पुलावरची बाई

आदिलाबादहून पांढरकवड्याला निघालेल्या बाईचा भाव पैनगंगेच्या पुलावर बदलतो. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात महालक्ष्मी योजना आहे. आधार कार्ड दाखवलं की मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. (कार्डावर नाव तेलुगूत, बाईला वाचता येतं मराठी. फोटो तिचाच, असं कंडक्टर म्हणतो.) पूल ओलांडून महाराष्ट्रात शिरलं की भाडं पूर्ण. येताना लाल एसटीत बसली, तर महाराष्ट्र 17 मार्च 2023 पासून तिचा सन्मान करतो, म्हणजे अर्धं तिकीट घेतो. पुलाअलीकडे सन्मान संपतो, पुन्हा पूर्ण. एकाच नदीवर एकच बाई शून्य, अर्धी आणि अख्खी!

नात्याचंही तेच. तेलंगणातल्या बेल्याची मुलगी पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात दिली, तर नवऱ्याचा दाखला जोडून ती महाराष्ट्र सरकारची लाडकी बहीण होऊ शकते, महिना 1500 रुपये. तिकडची मुलगी बेल्याला दिली, की तिचं बहीणपण खलास. माहेर तेच, राखी तीच; पण भाऊ असा की दाजींचे कागद तपासल्याशिवाय बहीण ओळखत नाही.

परवा शेजारच्या सीटवर एक आजी होत्या. आधार प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला. पूल दिसायच्या आधीच त्यांनी पदराची गाठ सोडून सुट्टे पैसे मुठीत धरले. ‘‘आता पुढं आपण कोणीच नाही ना, बाई,’’ म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.